फणसखोलचे वसाहतवाले

फणसखोल वसाहत, बोरतळे
पो. कुरुंदवाड, ता. शिरोळ
१४ जून १९९६

चि. निशास बाळासोमामाचा सप्रेम जयभीम.

आमी समदी खुशाल हाय. तुझी आई बरी असंल.

तू सुट्टीत आलतीस तवा सोप्यात बसून नववीचे पेपर तपासत होतीस. तू मामीसंगं आत गेलीस आणि मी वरचा एक पेपर उचलून वाचला. कुणा पोरीनं लिवलंतं, ‘इंग्लंडच्या सरकारने वसाहतींवर कर लादले. वसाहतवाल्यांनी कर देण्यास नकार दिला.’ तू त्याला लाल पेनानं बरोबरची खूण केलतीस. तवापास्नं ते वाक्य डोस्क्यातनं जाईना.

आमाला हितं कोण नावानं हाक मारत न्हाय. कुरुंदवाडच्या बाजारात गेलो तरी ‘ओ वसाहतवाले, सरका बाजूला.’ फणसखोल धरणात गेलं त्याला नऊ वर्षं झाली. डोंगरातनं उचलून आमाला बोरतळ्याच्या गायरानात बसवलं. घरं झाली, शाळेची खोली झाली, पण गाव काय झालं न्हाय. बोरतळ्याच्या पंचायतीत आमचा एक मेंबर न्हाय, कारण आमाला मतच न्हाय.

आणि आता त्या पंचायतीनं घरपट्टी, पाणीपट्टी आणि दिवाबत्तीच्या नोटिसा धाडल्यात. दिवाबत्ती म्हंजे काय, तर एकबी खांब न्हाय.

तर मला ईचारायचं हाय, ही पुस्तकातली वसाहत कुठली? त्यास्नीबी धरणातनं उठवलं हुतं काय? आणि कर न्हाय म्हटल्यावर त्येंचं पुढं काय झालं? सविस्तर लिव.

तुझा मामा
बाळासो

*

राजारामपुरी, कोल्हापूर
२३ जून १९९६

ति. मामांना निशाचा सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र वाचून हसू आलं, आणि मग आलं नाही. दहा वर्षं मी हा धडा शिकवते. ‘वसाहतवाले’ हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेल. पण लिहिताना तुम्ही कधी डोळ्यांपुढे आला नाहीत.

मामा, ते लोक अमेरिकेतले. इंग्लंडमधून समुद्रापलीकडे जाऊन त्यांनी तेरा वसाहती केल्या. त्यांना कुणी उठवलं नव्हतं. बरेचसे आपण होऊन गेले, आणि तिथे आधीपासून राहणाऱ्यांना मात्र त्यांनी उठवलं. तेव्हा तुम्ही आणि ते एक नव्हे, हे आधी लक्षात घ्या.

पण पुढचं तुमच्यासारखंच आहे. इंग्लंडने मोठी लढाई केली आणि खजिना रिकामा झाला. मग तिथल्या पार्लमेंटने ठरवलं की वसाहतींनी भार उचलावा. कागदावर कर, वर्तमानपत्रावर कर, करारपत्रावर कर. वसाहतवाले म्हणाले, पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस बसत नाही. आम्हाला न विचारता आमच्यावर कर कसा? सरकारने थोडं मागे घेतलं, पुन्हा दुसरे कर लावले. शेवटी चहावरचा कर राहिला, तेव्हा बोस्टन बंदरात त्यांनी चहाच्या पेट्या समुद्रात टाकल्या.

हे मी सांगते म्हणून तुम्ही बोरतळ्यात जाऊन काही टाकून येऊ नका. त्यांनीही आधी आठ-नऊ वर्षं अर्जच केले. राजाला अर्ज, पार्लमेंटला अर्ज. तुम्हीही आधी अर्ज करा. मसुदा मी लिहून सोबत पाठवते आहे. सगळ्यांच्या सह्या घ्या, पोच घ्या.

मामींना जयभीम.

तुमची
निशा

*

फणसखोल वसाहत
९ फेब्रुवारी १९९७

चि. निशास जयभीम.

तुझ्या मसुद्यावर तीन अर्ज केले. तहसीलवाला म्हणतो यादीचं काम पुनर्वसनाकडं. पुनर्वसनवाला म्हणतो तहसीलकडं. कलेक्टर कचेरीतनं उत्तर आलं की अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवला हाय. कुणाकडं, तर तहसीलकडं.

मग मी आणि कृष्णात बोरतळ्याच्या सरपंचाकडं गेलतो. कृष्णात तुला ठावं हाय, फणसखोलच्या पाटलाच्या घरातला, आता वसाहतीचा म्होरक्या. सरपंचानं खुर्च्या दिल्या, “पावणं, बसा,” म्हणाला.

कृष्णात म्हणाला, “पट्टी मागताय, मग आमची नावं मतदार यादीत घ्या.”

“तुमची नावं फणसखोलच्या यादीत हायत की.”

“फणसखोल पाण्याखाली हाय.”

“मग ते सरकारला सांगा. आमच्या गावचं गायरान तुमच्यापायी गेलं. माझी गुरं आता कुठं चारू? ते कुणी आमाला ईचारलं हुतं का?”

त्येचंबी खोटं न्हाय, निशा. त्यालाबी कुणी ईचारलं न्हवतं. पर म्हणून त्यानं आमाला न ईचारता राज्य करावं काय?

वसाहतीनं बसून ठरवलं, एकानंबी पट्टी भरायची न्हाय. गेल्या सोमवारी पंचायतीनं आमच्या टाकीचा व्हॉल्व बंद केला. नळ कोरडं. तरी एकानंबी भरली न्हाय.

आता तुझ्या पुस्तकात म्होरं काय झालं ते कळीव.

बाळासो

*

कोल्हापूर
१८ फेब्रुवारी १९९७

ति. मामा,

पत्र वाचलं आणि पुस्तक काढलं. माझ्या धड्यातलं पुढचं वाक्य हेच आहे: चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून सरकारने बोस्टनचं बंदर बंद केलं. सरकारला वाटलं, एका गावाला कोंडलं की बाकीचे घाबरतील. झालं उलटं. बाकीच्या वसाहतींनी बोस्टनला धान्य पाठवलं, मेंढ्या पाठवल्या. आजवर त्या एकमेकींशी भांडत होत्या, त्या पहिल्यांदा एका ठिकाणी बसल्या.

शिरोळ तालुक्यात तुमच्यासारख्या आणखी वसाहती आहेत ना? त्यांना गाठा.

त्यापुढचं मी लिहिणार नाही. त्यापुढे बंदुका आहेत. तुम्ही छप्पन्न वर्षांचे आहात, मामींचे गुडघे दुखतात. आई रोज विचारते, बाळासोचं पत्र आलं का. मी तिला फक्त ‘खुशाल आहेत’ एवढंच सांगते.

निशा

*

फणसखोल वसाहत
४ जून १९९७

चि. निशास,

तू लिवलंस तसंच झालं. आसपासच्या चार वसाहतींत गेलो. दुसऱ्या दिवशी पहिला टँकर आला. आमी त्या लोकांस्नी कधी बघितलंबी न्हवतं. येगळ्या धरणाची माणसं. टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, “आमचंबी पाणी दोन साल तोडलंतं.”

पर टँकर रोज येत न्हाय. कालव्यापलीकडं आपली बौद्धांची चौदा घरं हायत, तिथल्या हातपंपाला तेवढं गोडं पाणी हाय. आता समदी वसाहत तिथं येती. फणसखोलात आपला पाणवठा येगळा हुता. तुझी आई सांगंल. आता कृष्णाताची आई झुंबरबाई आपल्या घरापुढं रांगंत हुबी ऱ्हाती आणि तुझ्या मामीबरूबर पंप हापसती.

बोरतळ्याची पंचायत जन्माचा दाखला देईना, म्हणून आमी आपलीच पंचायत केली. घरांच्या दर ओळीतनं एक असे अकरा जण. आपल्या ओळीतनं मी. लगीन, भांडण, रस्ता, समदं हीच पंचायत बघती. सरकार मानत न्हाय, आमी मानतो. म्हंजे हाय.

एप्रिलात पाचबी वसाहतींचा मोर्चा कोल्हापुरात आणलाता. कलेक्टर कचेरीपुढं बसलो. तुला भेटलो न्हाय, तुझ्या नोकरीला उगं डाग नगं. दोन दिवस सरकारचा पाव्हणचार घेऊन माघारी आलो. काळजी करू नगंस.

बाळासो

*

कोल्हापूर
११ जून १९९७

ति. मामा,

पाव्हणचार कसला ते मला माहीत आहे.

त्या दिवशी मी शाळेच्या कामासाठी जिल्हा परिषदेत आले होते. मुख्याध्यापक बरोबर होते. काम आटपून कलेक्टर कचेरीवरून निघालो तर रस्ता माणसांनी भरलेला. पोलीस तुम्हाला गाडीत चढवत होते. तुम्ही टोपी सावरत सावकाश चढलात, जसे एस.टी.त चढता. सरांनी विचारलं, “कुठले हो हे लोक?” आणि मी म्हणाले, “माहीत नाही, सर.”

मामा, हे लिहायला मला दीड महिना लागला. तुमचं पत्र आलं नसतं तर अजूनही लिहिलं नसतं. ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून ओढ्यापलीकडच्या शाळेत नेलं, त्याला मी ओळखत नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं की काल गाडीत चढले ते माझे सख्खे मामा. त्यांनी हातातला हजेरीपट मिटला. म्हणाले, “बाई, राजकारण शाळेत आणू नका.” मी म्हटलं, “सर, ते नववीच्या पुस्तकात आधीपासून आहे.” मग वर्गावर गेले. धडा तोच काढला. अठ्ठेचाळीस मुलींना सांगितलं की माझे मामा वसाहतवाले आहेत आणि आज ते कोठडीत आहेत. एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, मग पाठांतर करायला नको, त्यांनाच विचारू या.”

पुढच्या वेळी मोर्चा आणाल तेव्हा मला आधी कळवा. मी तुमच्याबरोबर बसणार आहे.

तुमची निशा

*

फणसखोल वसाहत
२ डिसेंबर १९९८

चि. निशास जयभीम.

आनंदाची बातमी. तू म्होरल्या दोन्ही मोर्च्यांत आमच्यासंगं रस्त्यावर बसलीस, त्याचं फळ मिळालं. सरकारनं आपल्या स्वतंत्र ग्रामपंचायतीचा प्रस्ताव मागवलाय. कचेरीतला साहेब सोता वसाहतीत आला. हद्दीचा नकाशा झाला, लोकसंख्येचा तक्ता झाला. फणसखोल नावाचं गाव परत सरकारी कागदावर येणार. बुडालेलं नाव वर येणार, निशा.

मला जरा कणकण हाय, म्हणून थोडक्यात लिवतो. बाकी समदं ठीक.

बाळासो

*

वसाहत
७ डिसेंबर ९८

निशा पोरी,

हे पत्र मी, तुझी मामी, सोता लिवतिया. साक्षरतेच्या वर्गात शिकले. चुकलं तर माप कर.

मामानं तुला खरं लिवलं न्हाय. त्येला कणकण बिनकण काय न्हाय. नकाशात आपली चौदा घरं न्हाईत. हद्द कालव्यावर थांबीवली. कालव्यापलीकडं मोजणी करायला येळ लागतोय, मागनं घेऊ, आसं कृष्णात म्हणतोय. पर तक्त्यात आपली समदी माणसं मोजल्यात. आपली माणसं धरली न्हाईत तर गाव व्हायला आकडा भरत न्हाय म्हणं.

मामा कृष्णाताला काय बोलंना. म्हणतो, एवढ्यावर आलंय, आता मोडायला नगं. जेवत न्हाय. तू कायतरी लिव.

सरुबाई

*

कोल्हापूर
१२ डिसेंबर १९९८

ति. मामा,

मामींचं पत्र आलं. त्यांच्यावर रागावू नका. इतकं नीट पत्र आमच्या नववीतल्या मुलीही लिहीत नाहीत.

मी तुम्हाला अमेरिकेचं अर्धंच सांगितलं होतं. त्यांनी लढाई केली, राज्य उलथलं, ‘सर्व माणसं समान जन्मतात’ असं जाहीरनाम्यात लिहिलं. साऱ्या जगाला आजही त्याचा अभिमान वाटतो, मलाही वाटतो. पण ते लिहिलं तेव्हा त्यांच्या शेतांवर लाखो गुलाम राबत होते. त्यांच्याबद्दल ठरलं, नंतर बघू. आत्ता हा विषय काढला तर सगळं मोडेल. पुढे राज्यघटना केली तेव्हा कुठल्या राज्याचे किती प्रतिनिधी हे लोकसंख्येवर ठरायचं होतं. मग त्यांना गुलामांची आठवण झाली. पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, असा हिशेब धरून मोजले. मत नाही, हक्क नाही, मोजणीला मात्र माणसं. जाहीरनाम्यापासून गुलामी जाईपर्यंत एकोणनव्वद वर्षं गेली, आणि तीही आणखी एका लढाईनंतर.

मी तुम्हाला काही करा म्हणत नाही. पहिल्या मोर्च्याच्या वेळी तुम्हाला ओळखत नाही म्हणणारी मी, तुम्हाला धीर काय शिकवणार? तुम्ही जे ठरवाल त्यात मी आहे. फक्त जेवा.

निशा

*

फणसखोल वसाहत
३ जानेवारी १९९९

चि. निशास जयभीम.

तुझं पत्र मी चारदा वाचलं आणि मामीला वाचायला लावलं. मग जेवलो.

रविवारी शाळेपुढं समदी वसाहत बोलावली. कृष्णातानं नकाशा, तक्ता आणि सह्यांचा कागद म्होरं केला. मी म्हटलं, “घरं मागनं घेणार, तर माणसंबी मागनं मोजा. आमच्या चौदा घरांची नावं तक्त्यातनं काढा.”

मग कृष्णात म्हणाला, “बाळासो, तुझी नावं काढली तर गाव हुईत न्हाय. तुझ्यामुळं समद्यांचं बुडंल.”

मी म्हटलं, “एकदा बुडलोय की समदी मिळून. तवा सरकारनं आमाला मागनं बुडीवलं न्हवतं.”

लई वरडाआरड झाली. कोण म्हणालं ह्या लोकांचं नेहमीचंच. कोण म्हणालं बाळासो बोरतळ्याला फितूर झाला. दोन वर्षं ज्येंच्या खांद्याला खांदा लावून बसलो, त्येंच्या तोंडातनं ते ऐकावं लागलं. तरी बसलो न्हाय.

तवा बायकांच्यातनं झुंबरबाई उठली. पंच्याहत्तरीची बाई, हातात काठी. लेकाला म्हणाली, “किसना, दोन साल तू पाणी कुठलं प्यालास?”

कृष्णात हातातलं कागद नीट करत ऱ्हायला.

“मी आणलंय, मला ठावं हाय. ज्येंच्या दारातलं पाणी प्यालास त्येंचं दार गावाभाईर ठिवतोस? मग माझंबी नाव तक्त्यातनं काढ. मी पलीकडं मोजून घेती.”

तिच्या मागनं तिची शेजारीण तानाबाई उठली. मग आणिक बायका. रोज पंपावर येणाऱ्या समद्या. कृष्णातानं खाली बघितलं, नकाशा घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, “उद्या पयल्या एस.टी.नं कोल्हापूर. बाळासो, तू संगं चल.”

गेलो. साहेब चिडला. म्हणाला, “फेरमोजणीला वर्ष जाईल.” कृष्णात म्हणाला, “जाऊ दे साहेब. आमाला पुरं गाव पायजे.” माघारी येताना एस.टी.त तो खिडकीबाहेर बघत हुता. जयसिंगपूर सोडल्यावर म्हणाला, “बाळासो, चुकलं.” मी म्हटलं, “व्हय, चुकलंच.” तेवढंच बोललो. पर खिशातल्या शेंगा निम्म्या त्येला दिल्या.

वर्ष गेलं तर जाऊ दे. आता मी खरंच ठीक हाय.

बाळासो

*

मु. पो. फणसखोल
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर
२९ जानेवारी २००१

चि. निशास बाळासोमामाचा सप्रेम जयभीम.

पत्ता नीट बघ. ‘वसाहत’ गेली, ‘बोरतळे’ गेलं. आता पत्र हितंच धाडायचं.

तुला सुट्टी मिळाली न्हाय म्हणून पयल्या ग्रामसभेचा वृत्तांत लिवतो. सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं आणि सभा बसली. कृष्णात सरपंच, तुझी मामी मेंबर. बोरतळ्याचा सरपंच मुद्दाम आलता. हार घेऊन आलता आणि मागं बसलाता. उरलेलं गायरान दोन्ही गावांनी मिळून राखायचं, हे त्येच्यासंगं आधीच ठरलंय.

घरपट्टीचा इषय निघाला. कृष्णात उठला आणि म्हणाला, “लोकांनी पाच वर्षं लई सोसलं. म्हणून पयली दोन वर्षं फणसखोलात कुणालाबी घरपट्टी न्हाय.” जोरात टाळ्या पडल्या.

मी हात वर केला. “सरपंच, मला घरपट्टी पायजे.”

लोक हसली. कृष्णातबी हसला. “बाळासो, तू कर भरणार न्हाय म्हणून कोठडीत बसलातास की.”

मी म्हटलं, “कर नगं म्हणून न्हवतो बसलो. आमाला ईचारल्याबिगार नगं म्हणून बसलोतो. आता ईचारा. आज मी माफी घेतली, तर उद्या दिव्यासाठी, गटारीसाठी कुणाच्या तरी दारात जावं लागंल. तो दील आणि वर आमच्यावर हुकूम चालवंल. मला आता कुणाचा हुकूम नगं.”

लोक हसायची थांबली. मामी जाग्यावरनं म्हणाली, “किती लावायची ते बोला. गरीब घराला कमी लावा. पर लावा.” मागनं बोरतळ्याचा सरपंच शेजारच्याला म्हणाला, “ही माणसं आमच्यात असती तर पंचायत धड चालली असती.” ते मी ऐकलं. त्येलाबी आता कळलं.

मग घरटी किती लावायची त्येची चर्चा झाली. दोन तास लोक आपल्याच पट्टीवर भांडत हुती, आणि निशा, एवढं गोड भांडण मी जन्मात ऐकलं न्हवतं. शेवटी मतं घेतली. विरोधात तिघं. त्येंचीबी नावं लिवून घ्यायला लावली, न्हाय म्हणायचा त्येंचा हक्क हाय.

ग्रामसेवक नवा पोरगा, लिवत हुता: ‘घरपट्टी आकारणीस मंजुरी देण्यात येत आहे.’ मी म्हटलं, “असं न्हाय. लिवा, फणसखोलच्या लोकांनी आपल्या संमतीने आपल्यावर घरपट्टी लावून घेतली.”

तो म्हणाला, “काका, असं लिहायची पद्धत नाही.”

मी म्हटलं, “आजपास्नं हाय.”

त्येनं कृष्णाताकडं बघितलं. कृष्णात म्हणाला, “लिव.” त्येनं लिवलं, आणि उठून समद्यांपुढं मोठ्यानं वाचून दाखवलं.

तुझा मामा
बाळासो